आयपी कॅमेरा बाहेरून पाहण्यासाठी: पोर्ट, क्लाउड की व्हीपीएन?

क्लाउड सोडून कोणताही मार्ग निवडला तर आधी कॅमेऱ्याचा घरातील पत्ता कायम करावा लागतो, कारण डीएचसीपीने (राउटरच्या आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेने) दिलेला पत्ता बदलला की त्यावर बेतलेल्या पुढच्या सेटिंग निकामी होतात. तो कॅमेऱ्यात हाताने भरता येतो किंवा राउटरमध्ये मॅक पत्त्याशी (उपकरणाच्या कायम ओळख क्रमांकाशी) बांधून ठेवता येतो. मी दुसरी पद्धत वापरतो. एकदा कॅमेऱ्यात १९२.१६८.१.५० भरले होते. राउटर तोच पत्ता वाटपातही धरत असल्याने काही दिवसांनी तो प्रिंटरला मिळाला, चित्र मधूनमधून अडकू लागले आणि माझ्या दोन संध्याकाळी केबल बदलण्यात गेल्या.

राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे क्रमांकित दार, उघडणे हा सर्वांत थेट मार्ग आहे. वेब पानासाठी ८० किंवा ४४३ आणि व्हिडिओसाठी आरटीएसपी या थेट चित्र पाठवण्याच्या पद्धतीचा ५५४ पोर्ट कॅमेऱ्याकडे वळवला की मध्ये कोणाचाही सर्व्हर उरत नाही. मात्र त्याच क्षणी लॉगिनचे पान साऱ्या जगासमोर येते, आणि ८० वर साधे, कूटबद्ध नसलेले एचटीटीपी चालू असेल तर जाणारी माहिती वाटेत वाचता येते. २०१६ साली मिराई या मालवेअरने मूळचे पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन मोठे हल्ले चढवले होते. ८० ऐवजी ८०८१ लावला की काम झाले, हा समज फसवा आहे, कारण सगळे ६५,५३५ पोर्ट तपासणारे प्रोग्राम सहज मिळतात. शिवाय राउटरचा वॅन (इंटरनेटकडच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर सेवादाराने एकच सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटलेला असतो. अशा जोडणीवर पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही आणि डीडीएनएसही (बदलत्या पत्त्याला कायमचे नाव देणारी सेवा) कामी येत नाही.

तिथे क्लाउड, म्हणजे कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरमार्फत पाहणे, चालतो, कारण कॅमेरा स्वतःच बाहेर जोडणी करतो. क्यूआर कोड स्कॅन केला की बहुतेक काम संपते. किंमत एवढीच, की चित्राची वाट आणि खाते कंपनीच्या हाती राहते. घरातील ज्येष्ठांनाही कॅमेरा पाहायचा असेल तर मी हाच मार्ग सुचवेन. फक्त दुहेरी पडताळणी सुरू करावी आणि कॅमेरा व राउटर दोन्हींवरचे यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद ठेवावे, नाहीतर नकळत पोर्ट उघडलेला राहू शकतो.

पाहणारे एक-दोघेच असतील आणि सार्वजनिक पत्ता मिळत असेल, तर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा कूटबद्ध खासगी मार्ग, निःसंशय सरस ठरतो. वायरगार्ड या व्हीपीएन प्रणालीला एकच यूडीपी पोर्ट पुरतो, सहसा ५१८२०, आणि योग्य किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. मग कॅमेऱ्याचे इंटरनेट राउटरवरच पूर्ण तोडता येते. तसे केल्यास एनटीपीच्या (घड्याळ जुळवणाऱ्या सेवेच्या) रकान्यात ही सेवा देणाऱ्या राउटरचाच पत्ता भरावा, अन्यथा चित्रीकरणावरील वेळ हळूहळू मागेपुढे सरकत जाते.