रॉक गाण्यांची जॅझ रूपे: पाच अल्बमांपैकी आधी कोणता ऐकावा?

रॉक ऐकत आलेल्या श्रोत्याला जॅझकडे वळायचे असेल, तर ओळखीच्या गाण्यांची जॅझ रूपे ऐकणे हा सोयीचा मार्ग वाटतो. मात्र या प्रकारातले अल्बम एकमेकांपासून इतके भिन्न आहेत की पहिली निवड चुकली, तर पुढे जाण्याची इच्छाच उरत नाही. येथे तुलनेसाठी पाच अल्बम घेतले आहेत: गिल एव्हान्स यांच्या वाद्यवृंदाने १९७४ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची गाणी, पियानोवादक हर्बी हॅन्कॉक यांचा ‘द न्यू स्टँडर्ड’ (१९९६), द बॅड प्लस या तेव्हाच्या त्रिकुटाचा ‘दीज आर द व्हिस्टाज’ (२००३), गायक पॉल अँका यांचा ‘रॉक स्विंग्ज’ (२००५) आणि पियानोवादक ब्रॅड मेलडाऊ यांचा ‘युवर मदर शुड नो’ (२०२३).

आधी मूळ अडचण पाहू. जॅझ वादक पिढ्यान्‌पिढ्या ज्या जुन्या गाण्यांवर वादन करत आले, त्यांतल्या कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) सतत बदलत असतात आणि त्या बदलांच्या आधारानेच उत्स्फूर्त वादन उभे राहते. रॉक गाणे पुष्कळदा एका रिफवर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वरवाक्यावर, चालते, आणि त्याची ओळख कॉर्डपेक्षा गायकाचा आवाज, गिटारचे डिस्टॉर्शन (मुद्दाम खरखरीत केलेला आवाज) आणि ध्वनीची तीव्रता यांत अधिक असते. भारदस्त वाटणाऱ्या पॉवर कॉर्डमध्ये तर षड्ज आणि पंचम एवढेच असतात. गंधार नसल्यामुळे ती मेजर (शुद्ध गंधाराची) की मायनर (कोमल गंधाराची) हे कॉर्ड स्वतः सांगत नाही. डिस्टॉर्शन काढून घेतल्यावर रिकाम्या झालेल्या या जागेत काय ठेवायचे, हे प्रत्येक जॅझ संगीतकाराला ठरवावे लागते, आणि माझ्या मते निवडीचा खरा निकष तोच आहे.

निर्वाणा या रॉक गटाचे १९९१ चे ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ अँका आणि बॅड प्लस या दोघांनीही घेतले असल्यामुळे हा फरक तेथे सर्वांत स्वच्छ दिसतो. अँका यांनी रिकाम्या जागेत ब्रास (ट्रम्पेटसारख्या पितळी) वाद्यांचा मोठा ताफा, स्विंगची झुलती लय आणि अत्यंत सुस्पष्ट शब्दोच्चार आणला आहे. मूळ गाण्यात आरोळीत अर्धेअधिक विरून जाणारे शब्द येथे एकेक करून ऐकू येतात, आणि सरळ अर्थ लागावा म्हणून जे लिहिलेच नव्हते, ते विनाकारण उजेडात येते. अँका हे सगळे थट्टा म्हणून करत नाहीत आणि वाद्यमेळ कसबी आहे, हे मान्य करायला हवे; व्हॅन हेलन या गटाच्या ‘जंप’सारखे मुळातच उत्साही गाणे या वेषात शोभतेही. तरीही उत्स्फूर्त वादनाला येथे वाव थोडा असल्याने, जॅझची ओळख करून घेण्यासाठी हा अल्बम फारसा उपयोगी पडत नाही.

या अल्बमात बॅड प्लसकडे ना गायक आहे ना गिटार. पियानोवर ईथन आयव्हर्सन, बासवर रीड अँडरसन आणि ड्रमवर डेव्ह किंग एवढ्याच सामग्रीवर ते गाण्याचा खरा आराखडा, म्हणजे शांत कडवे आणि त्यानंतरचा स्फोट, कायम ठेवतात. किंग यांचे ड्रम नुसती साथ करत नाहीत; ते पियानोला छेद देतात, अडवतात, पुढे ढकलतात, आणि डिस्टॉर्शनमुळे निर्माण होणारा ताण या ओढाताणीतून परत मिळतो. रॉकच्या क्षेत्रात नावाजलेले चॅड ब्लेक निर्माते असल्यामुळे ध्वनीही अंगावर येणारा आहे. ज्याला रॉकमधला जोर प्रिय आहे, त्याने येथूनच सुरुवात करावी, असे मी निःशंकपणे सांगेन. पुढच्या ‘गिव्ह’ (२००४) या अल्बमात त्यांनी ब्लॅक सॅबथचे ‘आयर्न मॅन’ घेतले आहे. तेही जरूर ऐकावे.

ज्याला मात्र बीटल्सच्या चाली आणि त्यांतली अनपेक्षित वळणे आवडतात, त्याच्यासाठी मेलडाऊ अधिक योग्य ठरतील. पॅरिसच्या फिलार्मोनी सभागृहात २०२० मध्ये एकट्याने केलेल्या या पियानोवादनात बीटल्सची दहा गाणी आणि अखेरीस डेव्हिड बोवी यांचे ‘लाइफ ऑन मार्स?’ आहे. हेच गाणे बॅड प्लसने ‘प्रॉग’ (२००७) मध्ये वाजवले असल्याने दोन्ही लागोपाठ ऐकून पाहावीत. मूळ गाण्यात पियानोला मोठे स्थान आहे आणि कॉर्डही भरघोस आहेत. त्यामुळे येथे रिकामी जागा भरण्याचा प्रश्नच फारसा उद्भवत नाही. बॅड प्लस त्यातले नाट्य वाढवतात, तर मेलडाऊ दोन्ही हातांतून वेगवेगळ्या ओळी चालवत चालीच्या आत शिरतात. मला या गाण्यापुरते मेलडाऊ सरस वाटतात.

हॅन्कॉक यांचा अल्बम वादनाच्या दर्जात कोणाहूनही कमी नाही: मायकेल ब्रेकर, जॉन स्कोफील्ड, डेव्ह हॉलंड आणि जॅक डीजॉनेट अशी मंडळी त्यात आहेत. पण बीटल्सचे ‘नॉर्वेजियन वुड’ असो की निर्वाणाचे ‘ऑल अपॉलॉजीज’, गाणे येथे निमित्तमात्र असते आणि मूळ चालीच्या ओढीने आलेला श्रोता लवकरच वाट चुकतो. हा दुसरा किंवा तिसरा अल्बम म्हणून ठेवावा.

एव्हान्स यांचा अल्बम या सर्वांत जुना आणि सर्वांत धाडसी आहे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्यासाठी केलेल्या वाद्यरचनांमुळे ख्यातकीर्त झालेल्या एव्हान्स यांनी, हेंड्रिक्सच्या १९७० मधील निधनानंतर चार वर्षांनी, त्याची गाणी मोठ्या वाद्यवृंदासाठी घेतली आणि काही रचना वादकांवरच सोपवल्या. ‘वूडू चाइल’मध्ये तर हेंड्रिक्सच्या गिटारची जागा हॉवर्ड जॉन्सन यांच्या ट्यूबाने (खर्ज स्वराच्या मोठ्या पितळी वाद्याने) घेतली आहे. हेंड्रिक्सचा ध्वनी हेच ज्याचे प्रेम आहे, त्याने प्रथम हा एकच तुकडा ऐकावा. ट्यूबाचा तो घोगरा, जाड स्वर मानवला तर उरलेला अल्बम घ्यावा, आणि न मानवल्यास सरळ बॅड प्लसकडे वळावे.