अल्ट्रावाइड मॉनिटरला लॅपटॉप जोडताना: एचडीएमआय, टाइप-सी की हब?

देवगडच्या भावोजींनी यंदा आंब्याच्या हंगामाआधी ३४ इंची अल्ट्रावाइड मॉनिटर घेतला. एक्सेलच्या एकाच पत्रकात बागवार पेट्या, डझन, वाशी बाजाराची विक्रीपट्टी, गाडीभाडं, मजुरी असे सगळे रकाने आडवे दिसावेत, एवढीच त्यांची अपेक्षा. मॉनिटर लागला, चित्र आलं, पण अक्षरं आडवी फुगलेली आणि कडा पुसट. "मॉनिटरच खराब आलाय काय रे?" त्यांनी फोनवर विचारलं. मी त्यांना मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जाऊन माहितीचं पान उघडायला सांगितलं. तिथे १९२०×१०८० लिहिलेलं होतं. पडदा ३४४०×१४४० चा, म्हणजे साडेएकोणपन्नास लाख पिक्सेलचा, आणि त्यावर जेमतेम एकवीस लाख पिक्सेलचं चित्र ताणून बसवलेलं.

आपल्याकडे याचा त्रास जरा जास्त होतो. जवळच्या दुकानात साधी एचडीएमआय केबल मिळते, बाकी सगळं कुरिअरने. चुकीची वस्तू आली की परत पाठवून दुसरी येईपर्यंत दहा-बारा दिवस सहज जातात. म्हणून आधी नीट ठरवा, मगच मागवा.

पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. विंडोजमध्ये विंडोज बटण आणि पी दाबून 'डुप्लिकेट' निवडलेलं नाही ना ते पाहा. तसं असेल तर दोन्ही पडद्यांना एकच रिझोल्यूशन (आडव्या-उभ्या पिक्सेलची संख्या) सोसावं लागतं, आणि ते बहुधा लॅपटॉपच्या पडद्याचं असतं. 'एक्स्टेंड' करा. मग डिस्प्लेच्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर जा. तिथे डेस्कटॉपचं रिझोल्यूशन आणि प्रत्यक्ष सिग्नलचं रिझोल्यूशन अशा दोन वेगळ्या ओळी असतात. पहिली ३४४० दाखवते आणि दुसरी १९२०, असं असेल तर चित्र वाटेत कुठेतरी बदलतंय. काही मॉनिटरच्या मेनूत एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखाच चित्र नेणारा दुसरा पोर्ट) यांची आवृत्ती निवडता येते आणि कारखान्यातून ती जुन्यावर ठेवलेली असते. ती बदलून बघायला काहीच लागत नाही.

यानंतरही जमलं नाही, तर प्रश्न जोडणीचा.

थेट एचडीएमआय. केबल कुठेही मिळते, हा याचा मोठा गुण. पण लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ असेल तर चित्र पाठवण्याच्या वेगाची मर्यादा ३४० मेगाहर्ट्झची. ३४४०×१४४० ला ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र नवं होताना, जवळपास ३२० लागतात. हिशेबाने बसायला हवं, पण बऱ्याच जुन्या इंटेल ग्राफिक्सचं एचडीएमआय ३०० वरच थांबतं. मग विंडोज पूर्ण रिझोल्यूशनचा पर्यायच दाखवत नाही आणि माणूस नाइलाजाने २५६०×१०८० वर काम करत बसतो. तसं करू नका. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कस्टम रिझोल्यूशन तयार करा: ३४४०×१४४०, ५० हर्ट्झ. त्याला सुमारे २६५ मेगाहर्ट्झ लागतात, म्हणून ते बसतं. हिशेब, लिखाण, नकाशे यांसाठी ५० हर्ट्झवरचे पूर्ण पिक्सेल हे ६० हर्ट्झवरच्या अर्ध्याअधिक पिक्सेलपेक्षा कधीही बरे, असं माझं ठाम मत आहे. एचडीएमआय २.० हे २०१३ मध्ये आलं आणि त्याची मर्यादा ६०० मेगाहर्ट्झची. लॅपटॉप आणि मॉनिटर दोघांकडेही ते असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही.

टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल. ज्यांना जमेल त्यांनी हीच घ्यावी. ६० हर्ट्झला सेकंदाला साधारण ७.७ गिगाबिट लागतात आणि डिस्प्लेपोर्ट १.२ सव्वासतरा वाहून नेतं. मॉनिटर १०० हर्ट्झचा असला तरी जागा उरते. अट एकच, लॅपटॉपच्या टाइप-सीमधून व्हिडिओ बाहेर यायला हवा. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टची डी-पी खूण किंवा थंडरबोल्टची विजेच्या बाणाची खूण दिसली तर येतो. नुसती यूएसबीची खूण असेल तर मॉडेलची माहिती वाचून खात्री करा, कारण सगळे टाइप-सी सारखे नसतात. दिशासुद्धा बघा. लॅपटॉपकडून मॉनिटरकडे जाणारी केबल हवी. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय करणारा साधा कन्व्हर्टर उलटा लावला तर चालत नाही, आणि ही चूक फार जण करतात.

टाइप-सी ते टाइप-सी. मॉनिटरलाच टाइप-सी असेल तर एकाच केबलने चित्रही जातं आणि लॅपटॉपचं चार्जिंगही होतं. सुटसुटीत आहे. मात्र मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली केबल इथे बहुतेकदा चालत नाही, तिच्यात व्हिडिओच्या तारा नसतात. आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा मॉनिटरसोबत चार्जिंगही जातं. इन्व्हर्टरवर मॉनिटर घेणार असाल तर त्याच्या मागच्या पट्टीवरचे वॅट आधी वाचा.

हब, म्हणजे एका टाइप-सीतून अनेक पोर्ट काढून देणारी डबी. भावोजींचा घोटाळा इथेच होता. दुकानदाराने हब दिला, खोक्यावर '४के' छापलेलं. बारीक अक्षरात पुढे '३० हर्ट्झ' होतं. म्हणजे आतलं एचडीएमआय जुनंच. असे कितीतरी हब अल्ट्रावाइड ओळखतच नाहीत आणि सरळ १९२०×१०८० वर उतरतात. घ्यायचाच तर '४के ६० हर्ट्झ' स्पष्ट लिहिलेला घ्या. बऱ्याच हबमध्ये टाइप-सीच्या चार वेगवान वाटांपैकी दोन यूएसबीला आणि दोन चित्राला जातात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने त्या दोन वाटांतून ८.६४ गिगाबिट जातात. म्हणजे आपले ७.७ काठोकाठ का होईना, पण बसतात. ६० हर्ट्झवरचं पूर्ण ४के मात्र या वेगात बसत नाही.

डिस्प्लेलिंकवाला डॉक. टाइप-सीतून व्हिडिओ येत नाही आणि एचडीएमआयही कमी पडतं, अशांसाठी. साध्या यूएसबीवरून चालतो, पण ड्रायव्हर टाकावा लागतो आणि चित्र दाबून पाठवण्याचा भार प्रोसेसरवर पडतो. एक्सेलला ठीक, व्हिडिओ एडिटिंगला नको.

भावोजींच्या लॅपटॉपला जुनं एचडीएमआय होतं आणि शेजारीच डी-पी खुणेचा टाइप-सी. टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल मागवली. ती यायला सहा दिवस लागले, तोवर त्यांनी घरातल्या एचडीएमआयवर ५० हर्ट्झने काम केलं. माउसची बाणाची खूण किंचित जड वाटते म्हणाले, पण अक्षरं पहिल्याच दिवशी कोरल्यासारखी आली होती. केबल लावल्यावर ६० हर्ट्झ आपोआप दिसला, काही करावं लागलं नाही.

समुद्राजवळ घर असेल तर आणखी एक. खारी हवा उघड्या पिना खाते. जादा केबल सिलिका जेलची पुडी घालून झिपच्या पिशवीत ठेवा. डिस्प्लेपोर्टच्या टोकाला बहुधा खटका असतो, तो दाबूनच ओढा. वैशाखात आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की मॉनिटरची वीज आणि लॅपटॉपला जोडलेली केबल, दोन्ही काढा. केबलची लांबी दोन मीटरच्या आतच ठेवा. टेबल लांब पडत असेल तर लॅपटॉप मॉनिटरजवळ आणा आणि कीबोर्ड वेगळा घ्या.