सदाशिव पेठेतील खानावळ: तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ताटावर

१९९१ च्या जूनमध्ये शिक्षणासाठी पुण्यात आल्यावर ज्या खानावळीत मी पाच वर्षे जेवलो, तिथेच २०२४ च्या जुलैत मुलीची कूपने घेण्यासाठी जाण्याचा योग आला. जुना वाडा पाडून आता इमारत उभी राहिली असली, तरी खानावळ तळमजल्यावरच आहे आणि तेव्हा पाण्याचे तांबे भरणारा मालकांचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो.

जेवणाबद्दल आधी सांगतो. पोळी घडीची, मऊ आणि तव्यावरून थेट ताटात येणारी असून, ती लाटणाऱ्या दोघी बायका समोरच बसत असल्याने तिच्याविषयी शंका घेण्यास जागा उरत नाही. भाजी कोणतीही असो, तिच्यात बटाटा असतोच. कोशिंबीर जाऊन काकडीच्या दोन चकत्या आल्या आहेत, ही घसरणच म्हणावी लागेल. मटकीची उसळ मात्र उत्तम. मोड नेमके आलेले, गोडा मसाला बेताचा आणि वरून ओले खोबरे. रविवारी दुपारी गोडाचे जेवण असते व रात्री चूल बंद, हा नियम जसाच्या तसा टिकून आहे. रात्री साडेआठनंतर स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांची रांग जिन्यापर्यंत जाते, तेव्हा त्यापूर्वीच जावे.

दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला ३,६०० रुपये पडतात; माझ्या वेळी सव्वातीनशे होते आणि तेही वडिलांच्या मनीऑर्डरीची वाट पाहून भरावे लागत. खाड्याची, म्हणजे न जेवलेल्या वेळा हिशेबातून वगळण्याची, पद्धत बदलली आहे. पूर्वी आदल्या संध्याकाळी गल्ल्यावरच्या वहीत नाव लिहावे लागे आणि सलग दोन दिवसांखेरीज खाडा धरला जात नसे. आता सकाळी आठपूर्वी मोबाइलवर निरोप पाठवला की एका वेळेचाही खाडा मिळतो. गावी जाण्याच्या खोट्या सबबी सांगून मी किती खाडे मिळवले, हे मुलीसमोर आठवणे मी टाळले.

माझे आजोबा याच पेठेत वारावर जेवून शिकले. आठवड्याचे सात वार, सात घरे. १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाची, मुले माधुकरी मागून शिकत, त्या काळाच्या आसपासची ही गोष्ट. आजोबांच्या लेखी कूपन ही चैन होती; माझ्या मुलीच्या लेखी कूपन हा निव्वळ कागद आहे, जो हरवू नये म्हणून तिने आधी त्याचा फोटो काढला.

पाहुण्याचे कूपन वेगळे, १२० रुपयांचे मिळते. १९९१ मध्ये माझे वडील असेच पाहुण्याच्या कूपनावर जेवले होते आणि हात धुता धुता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात “आमटी पातळ आहे हो तुमची,” असे म्हणाले होते; पुढचा आठवडाभर मी कोपऱ्यातल्या बाकावर जेवलो. या वेळी मी आवाज बराच खाली ठेवला होता, असे माझे मत आहे. गल्ल्यावरून शांतपणे उत्तर आले, “काका, तेव्हाही हीच होती.” मुलगी मान खाली घालून ताक पीत राहिली.

कूपने मी दोन महिन्यांची घेतली.