टर्बो यीस्ट, बेकरीचं यीस्ट की सोडा-सायट्रिक: कोकणातल्या फिशटँकला सीओटू कशाचा लावायचा?

दोन फुटी टँक आहे, झाडं लावलीत, लाईट पण चांगली आहे, तरी पानं पिवळी पडतायत आणि झाडांना लागणाऱ्या सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड) सिलेंडरवर एवढ्यात खर्च करायचा नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. बाटलीत साखरपाणी आणि यीस्ट घालून गॅस काढायचा जुगाड जुनाच आहे. हल्ली ऑनलाईन टर्बो यीस्टची पाकिटं दिसतात म्हणून बरेच जण विचारतात की ते घेऊ का.

आधी साधा हिशोब. साखर आंबली की तिच्या वजनाच्या साधारण अर्धा सीओटू होतो आणि उरलेल्याचं अल्कोहोल. २०० ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त १०० ग्रॅम गॅस, म्हणजे आपल्या हवेत ५० लिटरच्या वरच. आता यीस्ट साधं घ्या नाहीतर भारीतलं, तेवढ्याच साखरेतून गॅस काय दुप्पट येत नाही, लवकर येतो इतकंच.

आणि टर्बोची गोची तिथेच आहे. ते बनवलंय दारू गाळणाऱ्यांसाठी, पाकिटात यीस्टबरोबर त्याचं खाद्य म्हणून नायट्रोजनचे क्षार आणि व्हिटॅमिन्स भरलेली असतात आणि एका पाकिटात २५ लिटर पाणी न् ६-८ किलो साखर दोन-चार दिवसात संपवायची असा त्याचा खाक्या. आपल्याला हवाय महिनाभर रोज थोडा थोडा गॅस. त्यात आपल्याकडे मे महिन्यात घरात ३२-३३ डिग्री, आंबताना बाटली स्वतः पण तापते, म्हणजे पहिले दोन दिवस टँकमध्ये नुसता धबधबा आणि नंतर ठणठणाट. फेस नळीतून वर चढला तर ते क्षार टँकमध्ये, तिथे अमोनिया, आणि मग मासे गेले. टर्बोचा एकच खरा गुण म्हणजे ते जास्त अल्कोहोल सहन करतं, त्यामुळे एका बाटलीत जास्त साखर चालते, पण ५०-५५ लिटरच्या टँकला तो गुण काय चाटायचाय?

बेकरीचं इन्स्टंट यीस्ट किराणा दुकानात मिळतं, पाव चमचा पुरतो. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, लिटरभर पाणी, २०० ग्रॅम साखर, चिमूटभर खाण्याचा सोडा. यापेक्षा साखर वाढवली तर अल्कोहोल चढून हे यीस्ट मधेच बसतं आणि साखर फुकट जाते. पण नुसतं साखरपाणी केलं तर उन्हाळ्यात हे पण घाईच करतं, म्हणून माझं मत जेलीवाल्या पद्धतीला. साखर आणि चायना ग्रास थोड्या पाण्यात उकळून बाटलीच्या तळाला घट्ट बसवायची, पूर्ण गार झाली की वर यीस्टचं पाणी, म्हणजे साखर हळूहळू सुटते. जिलेटिन घेऊ नका हां, ते आपल्या उन्हाळ्यात पातळ होतं, चायना ग्रास ८० डिग्रीच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही. मधे एक छोटी बाटली पाणी भरून ठेवायची म्हणजे फेस तिथेच अडकतो, आणि नळीला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे टँकचं पाणी उलटं बाटलीत येत नाही. आणि बाटलीतून गॅस बाहेर जायची वाट कधीच बंद करायची नाही, यीस्टला थांब म्हणून सांगता येत नाही.

सोडा-सायट्रिकला मात्र थांब म्हणता येतं. दोन बाटल्या, दोन झाकणांचा किट, वर गॅस कमी-जास्त करायला नीडल व्हॉल्व्ह. २०० ग्रॅम खाण्याच्या सोड्याला १५० ग्रॅम सायट्रिक अॅसिड पुरतं आणि गॅस निघतो साधारण तेवढाच, १०० ग्रॅम. गरमीचा विशेष फरक पडत नाही, रात्री व्हॉल्व्ह बंद. किटचा खर्च एकदाच. फक्त बाटल्या कोल्ड्रिंकच्याच हव्यात, त्या प्रेशरसाठीच केलेल्या असतात, साध्या पाण्याच्या बाटलीचं धाडस करू नका, काचेच्या तर नाहीच नाही. सायट्रिक घट्ट डब्यात ठेवा, पावसाळ्यात त्याचा दगड होतो.

रात्र एवढी महत्त्वाची का, तर अंधारात झाडं सीओटू घेत नाहीत, उलट ऑक्सिजन खातात, आणि कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी. जुलैत वाऱ्यापावसात लाईट गेली की फिल्टर बंद, एअर पंप बंद, यीस्टची बाटली मात्र बुडबुडे सोडतेच आहे. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडत असले तर लगेच नळी टँकमधून बाहेर. यीस्टच घेणार असाल तर बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच.

अजून एक, जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बरेचदा अगदी मऊ असतं, त्यात गॅस सोडला की पीएच धाडकन खाली येतो. केएच, म्हणजे पाण्याची पीएच सांभाळायची ताकद, मोजून बघा. कमी आलं तर तिसऱ्यांची शिंपलं उकळून, घासून मूठभर फिल्टरमध्ये टाका, हळूहळू विरघळून सावरतात. ड्रॉप चेकर (टँकमध्ये लावायची, सीओटूप्रमाणे रंग बदलणारी छोटी कुपी) निळा असला तर गॅस कमी, हिरवा ठीक, पिवळा झाला तर आवरा.

तर ज्यांच्याकडे महागातले किंवा नाजूक मासे आहेत त्यांनी सरळ सोडा-सायट्रिक घ्या. नुसतं करून बघायचंय, चार गप्पी आहेत, तर बेकरीचं यीस्ट आणि जेली. टर्बोचं पाकीट कुणी फुकट दिलं तरी नको. बाटलीत शेवटी उरतं त्याला माडीसारखा वास येतो, शेजारचे काका हातभट्टी लावलीस काय रे म्हणून विचारणारच, पण ते प्यायचं नाही न् गाळायचं तर अजिबातच नाही, राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. भरपूर पाणी मारून मोरीत ओता, बाटली धुवा, परत भरा.