मेकॅनिकल कीबोर्ड, अकरा महिने आणि डबल पडणारा 'डी'

८७ बटणं, वायरवाला, प्रत्येक बटणाखाली वेगळा ब्राउन स्विच, आणि हॉट-स्वॅप, म्हणजे स्विच सोल्डर न करता उपटून बदलता येतो. मागच्या ऑगस्टमध्ये ४,६०० रुपयांना घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. काय बिघडलं आणि कशाने सुटलं ते लिहितो, ते कुठल्याही मेकॅनिकल कीबोर्डवाल्याच्या कामाला येईल. मी रत्नागिरीत घरी बसून पुण्याच्या ऑफिसचं काम करतो, दिवसाचे आठ-नऊ तास हात कीबोर्डवरच. आधीचा ४५० रुपयांचा साधा मेम्ब्रेन (रबरी पडद्याचा) कीबोर्ड सहा वर्षं चालला आणि त्याच्यासाठी एकदाही कुणाला फोन करावा लागला नाही. त्याच्या दहापट पैसे मोजताना हात जड झाला होता. पुढची बरीचशी चिडचिड त्यातूनच आली आहे.

पहिले सात महिने मात्र तक्रारीला जागा नव्हती. संध्याकाळपर्यंत बोटांची पेरं ठणकायची, ते महिनाभरात थांबलं. ब्राउनचा आवाज दुपारी आई शेजारच्या खोलीत झोपलेली असताना चालून जातो; टकटक वाजणारे ब्लू घेतले असते तर नसता चालला. दिवे पहिल्याच दिवशी बंद केले. सप्टेंबरात मुंग्या शिरल्या, कीकॅप (बटणांच्या टोप्या) काढून ब्रशने झटकल्या, गेल्या.

मग एप्रिलमध्ये 'डी' डबल पडायला लागला.

एकदा दाबायचा, दोनदा उमटायचा. दर वेळी नाही, आठ-दहा वेळांत एकदा. दुसरं कुठलंही अक्षर असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. पण मी व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये काम करतो, जिथे अक्षरांची बटणंच हुकूम असतात, आणि व्हिम वापरणाऱ्याला 'डी' म्हणजे काय ते सांगायला नको. प्रोग्रॅमर बिल जॉयने १९७६ मध्ये व्हिमचा पूर्वज व्हीआय लिहिला, तेव्हापासून 'डी' म्हणजे पुसणे. 'डी' आणि मग 'डब्ल्यू' दाबलं की एक शब्द जातो. 'डी' दोनदा दाबला की अख्खी ओळ जाते. मला एक शब्द काढायचा असायचा आणि ओळच गायब व्हायची, वर राहिलेला 'डब्ल्यू' कर्सरला एक शब्द पुढे नेऊन ठेवायचा. म्हणजे काहीतरी गेलं हे कळायचं, पण नजर भलत्याच ठिकाणी. 'यू' दाबून ओळ परत येते हे खरं, पण आधी ती गेलेली दिसायला तर हवी! दोन आठवड्यांत मला प्रत्येक 'डी'नंतर थांबून पडदा तपासायची सवय लागली. वीस वर्षांची बोटांची सवय एका स्विचने मोडली.

कोडमध्ये डबल 'डी' पडला तर कंपायलर (कोडचं भाषांतर करणारा प्रोग्रॅम) तिथल्या तिथे ओरडतो. कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये कुणी ओरडत नाही. अशाच एका वायएएमएल फाइलमध्ये 'एनेबल्ड' या सेटिंगच्या नावाच्या शेवटी एकाऐवजी दोन 'डी' पडले होते. प्रोग्रॅमने ते अनोळखी नाव मुकाट्याने सोडून दिलं, फीचर बंदच राहिलं, आणि मी संध्याकाळी सहापासून रात्री साडेनऊपर्यंत स्वतःच्या लॉजिकमध्ये चूक शोधत बसलो. त्या साडेतीन तासांचा राग अजून गेलेला नाही.

आता मराठीचं. बाबांच्या बागेच्या हापूसच्या पेट्यांची बिलं मी एप्रिल-मेमध्ये मराठीत करतो, इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीत. इन्स्क्रिप्टमध्ये 'डी'च्या बटणावर काय आहे? हलन्त! म्हणजे प्रत्येक जोडाक्षर त्याच बटणातून जातं. 'ग्राहक' लिहायला गेलो की 'ग'चा पाय दोनदा मोडायचा आणि मध्ये ते टिंबांचं गोल उभं राहायचं. एक गंमत मात्र यानिमित्ताने कळली. १९९१ च्या इस्की या, भारतीय लिप्या संगणकात साठवायच्या जुन्या मानकात हलन्त लागोपाठ दोनदा देणं ही रीतसर सोय होती: पाय मोडलेला दाखवा, पण पुढच्या अक्षराला जोडू नका. आता वापरात असलेल्या युनिकोडमध्ये त्यासाठी न दिसणारं वेगळं चिन्ह आहे, त्यामुळे माझे दोन हलन्त नुसतीच घाण. एका रात्री बाबांनी छापलेलं बिल हातात घेऊन विचारलं, "अरे, हे ग्राहकच्या मध्ये काय आलंय?" ३२ बिलं परत छापली.

सर्व्हिसला फोन केला.

"सर, तुम्ही बटण जास्त वेळ दाबून ठेवताय. सेटिंगमध्ये रिपीट डिले वाढवून बघा."

"अहो, दाबून ठेवत नाहीये. एकदा टकन दाबतोय आणि दोनदा येतंय."

"मग व्हिडिओ पाठवा, सर."

व्हिडिओ पाठवला. तीन दिवसांनी उत्तर: अख्खा कीबोर्ड तपासणीला पाठवा, कुरियरचा खर्च तुमचा, कामाचे १५ ते २० दिवस लागतील. मी म्हटलं, एक स्विच पाठवून द्या, मी घरी बसवतो, बटण काढायचा चिमटा तुम्हीच खोक्यात दिलाय. "सर, सुटे पार्ट आपण देत नाही." तीस-पस्तीस रुपयांच्या वस्तूसाठी तीन आठवडे बिनकीबोर्डाचं बसायचं! फोनवरचा मुलगा समोर लिहिलेलं वाचून दाखवत होता, त्याच्यावर राग नाही. ज्यांनी ते त्याला लिहून दिलं त्यांच्यावर आहे.

माझं म्हणणं खरं आहे हे दाखवायला मी लिनक्सवर इव्हटेस्ट चालवलं; प्रत्येक बटणाची नोंद दाखवणारा तो छोटा प्रोग्रॅम आहे. कुणाचंही बटण डबल पडत असेल तर आधी हेच करा, वाद घालण्यातला वेळ वाचतो. बटण दाबलं की १ येतो, सोडलं की ०, आणि दाबून ठेवल्यामुळे आपोआप रिपीट होत असेल तर २ येतो. पुढे वेळ मायक्रोसेकंदापर्यंत. 'डी'चा कोड ३२. माझ्या लॉगमध्ये २ कुठेच नव्हता. १, मग ७४ मिलिसेकंदांनी ०, आणि त्यानंतर अवघ्या ११ मिलिसेकंदांत पुन्हा १. माणसाचं बोट ११ मिलिसेकंदांत वर येऊन परत खाली जात नाही. २०० वेळा मोजून दाबला, २३ वेळा डबल. लॉग मेलला जोडून पाठवला. उत्तर आलं, की ही फाइल आम्हाला बघता येत नाही, व्हिडिओ पाठवा.

असं का होतं तेही सांगतो. स्विचमध्ये धातूची पातळ पट्टी असते. ती दुसऱ्या पट्टीला टेकते तेव्हा एकदम स्थिर टेकत नाही, थोडी थरथरते. म्हणून कीबोर्डाच्या आतला प्रोग्रॅम थोडा वेळ थांबून मगच बटण दाबलं असं मानतो. याला डिबाउन्स म्हणतात. चेरीच्या एमएक्स स्विचच्या माहितीपत्रकात ही थरथर ५ मिलिसेकंदांच्या आतली दिलेली असते, आणि क्यूएमके या खुल्या फर्मवेअरमध्ये (कीबोर्डाच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) डिबाउन्सचा मूळ आकडाही ५ च आहे. पट्टी खराब झाली की थरथर लांबते आणि एका दाबण्याची दोन दाबणी होतात.

मेच्या शेवटी एका रविवारी मी पार्सलचा नाद सोडला आणि चिमटा काढला. 'डी'चा स्विच उपटला, स्क्रोल लॉकचा उपटला आणि अदलाबदल केली. स्क्रोल लॉकला मी अकरा महिन्यांत हात लावलेला नाही, त्याचा स्विच कोराच. पहिल्यांदा बसवला तर 'डी' पूर्ण मेला. पोटात गोळा आला. परत उपटून खिडकीपाशी नेऊन पाहिलं, तर खालच्या दोन तांब्याच्या पायांपैकी एक आडवा झोपला होता. भुवया काढायच्या बारीक चिमट्याने सरळ केला, दोन्ही पाय भोकांवर नीट धरून, वाकडं न करता सरळ खाली दाबला. टक. २०० वेळा दाबला, एकही डबल नाही. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं. त्या संध्याकाळी मी या कीबोर्डाला मनातल्या मनात दोन ताऱ्यांवरून चारवर नेलं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, त्याला आठवडा झाला. मधल्या काळात मत थोडं बदललंय.

स्क्रोल लॉकमध्ये बसलेला जुना स्विच काढून उघडला. वरच्या झाकणाला चार खाचा असतात, दोन सेफ्टी पिना लावून त्या सैल केल्या. आत स्प्रिंग, तपकिरी दांडा आणि ती पट्टी. पट्टी जिथे टेकते तिथे मोहरीएवढा काळसर डाग होता. सप्टेंबरात हा कीबोर्ड समुद्राच्या दमट हवेत उघडाच पडून असायचा. ज्या गावात कपाटातला चामडी पट्टा आठवड्यात पांढरा होतो, तिथे मी ४,६०० रुपयांची वस्तू फडकंसुद्धा न घालता ठेवली. तेव्हा सगळा दोष स्विचचा, हे माझं म्हणणं मागे घेतो. कागदाची बारीक पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून दोन पट्ट्यांच्या मधून पाच-सहा वेळा ओढली. बंद करून परत बसवला. २०० पैकी एकदाच डबल.

पण फर्मवेअरवरचा राग मात्र वाढला. यात डिबाउन्स वाढवायची सोयच नाही. गेम खेळणाऱ्यांना एकेक मिलिसेकंद कमी हवा असतो, ते समजू शकतो. मला माझ्या 'डी'साठी आणखी दहा मिलिसेकंद थांबायला काहीच हरकत नाही, ते मला ठरवू द्या. पुढचा कीबोर्ड क्यूएमके चालणाराच घेईन, हजार रुपये जास्त गेले तरी. आणि हॉट-स्वॅप नसेल तर फुकट मिळाला तरी नको. स्विच सोल्डर केलेला असता तर मी आज त्या सर्व्हिस सेंटरच्या रांगेत असतो.

वॉरंटी पुढच्या महिन्यात संपतेय, पार्सल करणार नाही. दहा सुट्या ब्राउन स्विचची पुडी ३५० रुपयांना मागवली. ती सिलिका जेलची पाकिटं घालून आईच्या जुन्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत बंद करून ठेवली आहे, आणि कीबोर्डावर रात्री जुन्या धोतराचं दुपदरी फडकं असतं.