बेड गार्डला दोन तारे, गंजगोलाईतल्या गादीला साडेचार

आमचा मुलगा साडेसात महिन्यांचा असताना एका रविवारी दुपारी पलंगावरून पडला. मी शेंगदाण्याचा कूट करत होते. मिक्सर बंद केला आणि आतून धप्प. खाली सामान ठेवायच्या खणाचा पलंग, त्यावर आठ इंचांची गादी, म्हणजे फरशीपर्यंत चांगलं दोन फुटांच्या वर. लगेच रडला, ओकला नाही, थोड्या वेळानं खेळायलाही लागला. तरी डॉक्टरांकडं नेलाच. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, दोन दिवस नीट लक्ष ठेवा. उलट्या व्हायला लागल्या, उठवूनही उठेना किंवा झटका आला तर रात्र-दिवस बघू नका, उचलून आणा.

त्याच रात्री मोबाइलवर बेड गार्ड, म्हणजे पलंगाच्या कडेला लावायचा जाळीचा कठडा, मागवला. सहा फुटी, 1,899 रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर चार-पाच कंपन्यांचे बघितले. नळी तीच, जाळी तीच, फक्त छापलेला हत्ती वेगळा. लातूरला चौथ्या दिवशी आला.

बसवायला ह्यांना दीड तास लागला. गार्डचे दोन पाय गादीखाली सरकवायचे आणि गादीच्या वजनानं तो उभा राहायचा, अशी सगळी रचना. म्हणजे गादी जड हवी, सपाट हवी आणि तिची कड टणक हवी. आमची गादी लग्नातली, कापसाची. मध्ये उंच, कडेला चेपलेली. दिसायला गार्ड झकास दिसत होता. मी फोटोसुद्धा काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला.

पाचव्या की सहाव्या रात्री कुईकुई असा बारीक आवाज आला. लाइट लावून बघते तर हा लोळत लोळत कडेला गेलेला, आणि एक पाय मांडीपर्यंत गादी आणि जाळीच्या मधल्या फटीत. गादीची कड त्याच्या वजनानं दबली, जाळी बाहेर ताणली, आणि दिवसा जिथं दोन बोटं जात नव्हती तिथं लेकराची मांडी गेली. पाय अलगद निघाला, वळही उठला नाही. पण पायाच्या जागी मान असती तर, हे मनात आलं आणि मग पहाटेपर्यंत काही मला झोप लागली नाही.

सकाळी खोक्यातलं माहितीपत्रक शोधलं. बारीक इंग्रजीत लिहिलेलं: वय 18 महिने ते 5 वर्षं. विकायच्या पानावर फोटो मात्र दात न आलेल्या बाळाचा! माझा खरा राग इथं आहे. ही वस्तू पलंगावर आपली आपण चढता-उतरता येणाऱ्या मुलासाठी आहे, रांगणाऱ्यासाठी नाही. एक तारा मी याचाच कापला. खोकं टाकून दिलं असं मी समजत होते आणि ह्यांनी ते माळ्यावर ठेवलं होतं; ते सापडेपर्यंत परत करायची मुदत संपलेली. असो.

डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, वर्षाच्या आतल्या बाळाला मोठ्यांच्या पलंगावर घेऊच नका, गार्ड असो नसो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही हेच: बाळ आईच्या खोलीत असावं, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट आणि टणक अंथरुणावर, उताणं, उशी किंवा सैल पांघरूण न ठेवता. शेजारच्या काकूंनी सुचवलेला दोन्हीकडं उशा लावायचा उपाय इथंच बाद झाला. एक तर आमचा मुलगा उशीवर चढून पलीकडं जातो, आणि तोंड उशीत रुतलं तर काय, हा प्रश्न वेगळाच.

सासूबाई हे सगळं ऐकत लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "लेकरू रांगायलंय आन् तुमी पलंगाला कुंपण घालायलाव. खाली झोपा की गप." त्यांचं गाव औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमचे हे आठ महिन्यांचे होते. पुढं कित्येक दिवस घरात झोपायची कुणाची छाती नव्हती. अंगणात वाकळ टाकून त्यांनी लेकराला शेजारी निजवलं. बाजेवर का नाही, विचारलं तर म्हणाल्या, "बाजेला झोळ पडतोय, लेकरू घरंगळत आपल्या अंगाखाली येतंय." माहितीपत्रकापेक्षा हे मला जास्त कळलं.

मग लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईच्या एका बोळातल्या गादीवाल्या काकांकडं गेलो. जुनीच गादी उसवून, कापूस पिंजून त्यातून दोन करून मागितल्या: एक आम्हाला, एक चार बाय अडीच फुटांची बाळाला. दोन्ही तीन इंची, कापूस ठासून, टाके जवळजवळ. काका माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, लई कडक होईल. झोप न्हाई आली तर मी वापस घेणार न्हाई." हेच तर पाहिजे, म्हटलं. पिंजाई, शिलाई आणि नवं पट्ट्यांचं कापड मिळून 1,450 रुपये. शनिवारी देतो म्हणाले, सोमवारी दिली. अर्धा तारा त्यासाठी कमी.

घेताना दुकानातच तळहात जोरात दाबून उचलला. मोठीवर खळगा राहिला, बाळाच्या गादीवर राहिला नाही. खळगा राहिला तर गादी बाळाला मऊ, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मोठी तशीच घेतली, ती आमच्यासाठी.

आता पलंग उभा करून ठेवलाय आणि आम्ही तिघं खाली. त्याची गादी माझ्या हाताच्या अंतरावर, भिंतीपासून चांगली लांब, कारण फट भिंतीशीही पडते. घरंगळला तर तीन इंचांवरून सतरंजीवर येतो आणि बहुतेक वेळा उठतही नाही. रात्री पाजायला माझ्याकडं घेते. कधीकधी पाजता पाजता माझा डोळा लागतो, खोटं कशाला बोलू. म्हणून माझी उशी आणि वाकळ त्या बाजूला ठेवतच नाही, आणि जाग आली की त्याला त्याच्या जागी टाकते. सोफ्यावर बसून पाजणं तर रात्री पूर्ण बंद केलंय. तिथं झोप लागणं सगळ्यात वाईट. ह्यांना सर्दीच्या गोळीनं गुंगी येते, त्या रात्री ते बाहेरच्या खोलीत.

खाली झोपायचे तोटे आहेतच. पहाटे पाचला जाग आली की साहेब थेट कूलरकडं. एप्रिल-मेमध्ये लातुरात कूलरशिवाय झोपणं शक्य नाही, त्यामुळं वायर कपाटामागून नेली, खालच्या प्लगांना झाकणं बसवली आणि दाराला वरची कडी लावली. दिवा लावून एकदा मी स्वतः गुडघ्यावर रांगून खोली बघितली, तेव्हा उभ्या पलंगामागं बॅटरीचा सेल सापडला. कापसाची गादी शू शोषून घेते, मेणकापड ताणून घट्ट घातलं तरी कुठून तरी पाझरतंच. दर आठवड्याला गच्चीवर ऊन द्यावं लागतं. पावसाळ्यात काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. या मापाची चादर बाजारात मिळत नाही, जुनीला इलॅस्टिक शिवलं. आणि ह्यांची कंबर दुखते, ती तक्रार मी नोंदवून घेतलीये.

बेड गार्डला दोन तारे यासाठी की जाळी खरंच चांगली आहे. गेल्या आठवड्यात सासूबाईंनी गच्चीत दोन खुर्च्यांवर ती आडवी टाकली, वर धोतराचं फडकं अंथरलं आणि सांडगे घातले. खालून वारा लागतो, दोन दिवसांत खडखडीत वाळले.