प्रवास विमा प्रत्येक फेरीचा की वर्षाचा?

मामेभावाला यंदा आधी जर्मनी, मग लंडन. विमा दोनदा एकेरी (एकेका फेरीपुरता) काढू की वर्षाचा, यात तो अडकलाय.

शेंगेन व्हिसाला (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या) किमान ३०,००० युरोंचं कव्हर लागतं. ते दोन्हींत मिळतं. यूकेला विमा सक्तीचा नाहीच. शेंगेनचा मल्टिपल एन्ट्री (अनेकदा जाता येणारा) व्हिसा मागितला तरी अर्जासोबत पहिल्या मुक्कामापुरता विमा पुरतो, एजंट काहीही म्हणो.

खरी मेख व्हिसा नाकारला तर. पॉलिसी सुरू व्हायच्या आत नकाराचं पत्र दाखवलं की एकेरीचे पैसे सहसा परत मिळतात. वार्षिक एकदा सुरू झाली की अवघड. शिवाय तिच्यात प्रत्येक फेरीला ३०, ४५ अशी दिवसांची मर्यादा. लेकीकडे तीन महिने राहणाऱ्या आईबाबांना ती निरुपयोगी.

व्हिसे हातात आहेत, छोट्या फेऱ्या बऱ्याच, तर वार्षिक घ्या. अर्ज अजून लटकलेत, तर एकेरीच.